खो-खोचे मैदान, तीन कॅमेरे आणि एकसंध थेट चित्र: रेषा जुळतात, पण खेळाडू दुभंगतात

मैदानसेवक (प्रश्न)

नमस्कार. आमच्या मंडळाच्या खो-खो सामन्यांचे थेट चित्रण करण्याचे काम माझ्याकडे आहे. मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असून, लांबीच्या बाजूला बाजूरेषेपासून जेमतेम ५ मीटर मोकळी जागा आहे आणि त्यामागे शाळेची भिंत आहे. इतक्या जवळून दोन्ही खांब एका साध्या कॅमेऱ्यात मावत नाहीत. कॅमेरा पाठलागासोबत फिरवत ठेवला, तर तुकडीतील उरलेले दोन संरक्षक कोठे उभे आहेत आणि पलीकडच्या टोकाला बसलेला आक्रमक खो मिळण्याआधीच उठतो आहे का, हे दिसत नाही. प्रशिक्षकांना तर नेमके तेच पाहायचे असते. म्हणून संपूर्ण मैदानाचे एकच रुंद चित्र तयार करून ते थेट दाखवावे, असे ठरले.

आमच्याकडे १०८० पी दर्जाचे, ६ मिलिमीटर भिंगाचे तीन बुलेट (नळीच्या आकाराचे) आयपी कॅमेरे, एक पीओई स्विच (एकाच तारेतून कॅमेऱ्याला वीज आणि जाळ्याची जोडणी देणारा) आणि बऱ्यापैकी क्षमतेचा लॅपटॉप आहे. कॅमेरे बाजूरेषेला समांतर, एकमेकांपासून सुमारे ९ मीटर अंतरावर, तीन बांबूंवर ४ मीटर उंचीवर बांधले आहेत. पायथॉनमध्ये ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीतील तयार स्टिचर (चित्रे जोडणारे साधन) वापरून प्रत्येक फ्रेमची जोडणी करून पाहिली, परंतु चित्र सतत डुलते आणि मधूनच जोडणी अशक्य असल्याचा संदेश येतो. म्हणून फक्कीच्या रेषांचे छेदबिंदू हाताने निवडून होमोग्राफी (एका चित्रातील सपाट पृष्ठभाग दुसऱ्या चित्रावर बसवणारे गणिती रूपांतर) काढली. त्यानंतर जमिनीवरच्या रेषा तंतोतंत जुळल्या, परंतु सांध्यावरून जाणाऱ्या खेळाडूचे पाय एका जागी आणि डोकी मात्र दोन, तीही एकमेकांपासून कित्येक मीटर दूर, असा प्रकार दिसतो. याशिवाय दोन अडचणी आहेत: तिसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र इतर दोघांपेक्षा काळपट येते, आणि सामना जसजसा पुढे जातो तसतसे चित्र प्रत्यक्षापेक्षा अधिकाधिक मागे पडत जाते. अधिक चांगले सॉफ्टवेअर घेतल्यास हे सुटेल का, की मांडणीतच काही बदलावे लागेल?

भिंगवाला

मांडणी बदलावी लागेल, आणि तीही सर्वांत आधी. दोन चित्रे कोणत्याही खोटेपणाशिवाय जोडता येण्याच्या स्थिती दोनच आहेत: एक तर दृश्य सपाट असावे, किंवा दोन्ही चित्रे एकाच बिंदूवरून, केवळ दिशा बदलून घेतलेली असावीत. आपण जमिनीवरचे बिंदू निवडले, म्हणजे जमीन सपाट आहे या गृहीतकाचा लाभ घेतला. तो जमिनीपुरता खरा असल्याने रेषा जुळल्या. खेळाडू मात्र जमिनीतून वर उभे राहिलेले असतात.

आपल्याच आकड्यांनी हिशेब करून पाहा. कॅमेरा ४ मीटर उंचीवर आहे आणि खेळाडूचे डोके १.६ मीटर उंचीवर आहे असे धरा. अशा डोक्याची प्रतिमा जमिनीच्या पातळीवर उतरवली, की ती कॅमेऱ्यापासूनच्या अंतराच्या दोन तृतीयांश इतकी मागे ढकलली जाते. खेळाडू मधल्या पट्टीवर, दोन कॅमेऱ्यांच्या बरोबर मध्ये उभा असेल, तर तो प्रत्येक कॅमेऱ्यापासून आडव्या दिशेने ४.५ मीटर दूर असतो. त्यामुळे एका कॅमेऱ्याच्या हिशेबाने त्याचे डोके ३ मीटर उजवीकडे आणि दुसऱ्याच्या हिशेबाने ३ मीटर डावीकडे सरकते, व दोन्ही डोकी पलीकडच्या बाजूरेषेच्याही थोडी मागे जाऊन पडतात. पाय एकत्र आणि डोक्यांमध्ये ६ मीटरचे अंतर, हा सॉफ्टवेअरचा दोष नसून शुद्ध भूमिती आहे. कोणतेही महागडे सॉफ्टवेअर ती बदलू शकत नाही. फार तर ती झाकू शकते.

म्हणून तिन्ही कॅमेरे एकाच खांबावर, मैदानाच्या मध्याशी आणा आणि त्यांची भिंगे शक्य तितकी जवळ ठेवा. ५ मीटरवरून २७ मीटर लांबी पाहायला सुमारे १४० अंशांचा कोन लागतो. आपल्या ६ मिलिमीटर भिंगाचा आडवा कोन साधारण ५५ अंश असतो; म्हणजे तीन कॅमेरे प्रत्येक जोडीत १२ अंशांचा सामाईक भाग ठेवून बसवले, की १४१ अंश मिळतात. आजच्या मांडणीत जवळच्या बाजूरेषेपाशी प्रत्येक कॅमेरा जेमतेम ५ मीटर लांबी पाहतो, तेथे चित्रे एकमेकांना भेटतच नाहीत. ती अडचणही यामुळे जाईल.

बुलेट कॅमेरे शेजारी-शेजारी लावताना एक जुनी युक्ती वापरावी. डाव्या बाजूच्या कॅमेऱ्याने उजवीकडे आणि उजव्या बाजूच्या कॅमेऱ्याने डावीकडे पाहावे, अशी त्यांची तोंडे एकमेकांकडे वळवावीत. यामुळे कॅमेऱ्यांची शरीरे मागे पांगतात आणि भिंगे पुढे एकत्र येतात. मधला कॅमेरा त्यांच्या किंचित वर किंवा खाली बसवावा. प्रकाशीय केंद्रांमधील अंतर १५ सेंटिमीटर राहिले आणि जोडणी मधल्या पट्टीसाठी, म्हणजे १३ मीटरसाठी जुळवली, तर ६ मीटरवरून धावणारा खेळाडू सांध्यावर सुमारे २५ पिक्सेल सरकतो. तेच अंतर ५ सेंटिमीटरवर आणले तर सरकणे ८ पिक्सेलवर येते. त्या अंतरावर खेळाडूच्या शरीराची रुंदी दीडशे पिक्सेलच्या आसपास असते, त्यामुळे ८ पिक्सेलची चूक चालत्या खेळात कोणाच्याही नजरेस येत नाही.

एक खांब वापरण्याचा आणखी एक लाभ आहे. वाऱ्याने बांबू हलला तरी तिन्ही कॅमेरे एकाच पट्टीवर असल्याने एकत्र हलतात आणि सांधा फुटत नाही. पट्टी लोखंडी अँगलची असावी. लाकडी पट्टी उन्हात पिळते.

सरळरेघ

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मांडणी सुधारल्यावर जोडणीचे गणित कसे करावे, याबद्दल लिहितो.

प्रत्येक फ्रेमला नव्याने जोडणी शोधणे हेच चित्र डुलण्याचे कारण आहे. कॅमेरे जागचे हलत नसतील, तर त्यांच्यातील नाते एकदाच काढायचे असते. ओपनसीव्हीच्या स्टिचरमध्येही रूपांतर अंदाजणे आणि चित्र रचणे या दोन क्रिया वेगळ्या बोलावता येतात. पहिली एकदा करून दुसरी पुन्हा पुन्हा करता येते. मी मात्र तयार स्टिचर बाजूला ठेवून, प्रत्येक कॅमेऱ्यासाठी अंतिम चित्रातील कोणता पिक्सेल मूळ चित्रातील कोठून घ्यायचा याचा तक्ता एकदा तयार करावा आणि पुढे प्रत्येक फ्रेमला केवळ रीमॅप हे फंक्शन चालवावे, असे सुचवेन. भिंगाची वक्रता, कॅमेऱ्याची दिशा आणि अंतिम प्रक्षेपण (रुंद दृश्य सपाट चित्रावर उतरवण्याची पद्धत) हे सर्व त्या एका तक्त्यात सामावते. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही याच नावाचा फिल्टर असून तो असे तक्ते चित्रफाइलच्या रूपात स्वीकारतो.

आता ते नाते काढायचे कसे? आपल्या मैदानावर स्वयंचलित पद्धत फसण्याचे कारण मैदानातच आहे. लाल मातीवर ठळक बिंदू मुळातच कमी असतात आणि जे असतात ते फक्कीच्या रेषांवर. खो-खोच्या आठही आडव्या पट्ट्या मधल्या पट्टीला अगदी सारख्याच छेदतात. संगणकाला तिसरी पट्टी आणि चौथी पट्टी यांत फरक दिसत नाही; तो एका चित्रातील तिसरी दुसऱ्या चित्रातील चौथीशी जोडतो. चुकीच्या जोड्या वगळण्यासाठी १९८१ पासून वापरात असलेली रॅनसॅक पद्धतही येथे कामी येत नाही, कारण सर्व चुका एकाच दिशेने, एकाच मापाने झालेल्या असल्याने त्या आपसांत सुसंगत असतात. तिला बहुमत हवे असते, आणि येथे बहुमतच चुकीचे असते.

यावर उपाय म्हणजे सामना नसताना सामाईक भागात वेगवेगळ्या क्रमांकांचे अरुको छाप (संगणकाला क्रमांकानुसार ओळखता येणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा) असलेले फलक ठेवणे. साध्या प्लायवर चिकटवलेले मोठे छपाईचे कागद पुरतात. छपाई चकचकीत नसावी. फलक जमिनीवर आडवे न टाकता काठीला उभे बांधून ६, १३ आणि २० मीटर अशा निरनिराळ्या अंतरांवर धरावेत, म्हणजे केवळ जमिनीची जुळणी होण्याचा धोका राहत नाही. त्याआधी प्रत्येक भिंगाची वक्रता बुद्धिबळाच्या पटासारख्या फलकाने स्वतंत्रपणे मोजून घ्यावी, आणि ते करताना फलक चित्राच्या चारही कोपऱ्यांपर्यंत न्यावा. बहुतेक जण तो मध्यभागीच फिरवतात आणि सांधा मात्र नेमका कडेला येतो.

प्रक्षेपणाबद्दल अपेक्षा आधीच स्पष्ट असाव्यात. १४० अंशांचे चित्र सपाट प्रक्षेपणात मांडले, तर कडेचा भाग मध्याच्या तुलनेत आडव्या दिशेने आठपटींहून अधिक ताणला जातो आणि खांबाजवळचा खेळाडू ओळखू येणार नाही इतका रुंद दिसतो. त्यामुळे दंडगोलाकार प्रक्षेपणच घ्यावे लागेल. त्यात खांब सरळ उभे दिसतील, खेळाडू सुडौल दिसतील, परंतु जवळची बाजूरेषा कमानीसारखी वाकलेली दिसेल. प्रेक्षक त्याबद्दल तक्रार करतील. ती ऐकून घ्यावी आणि काही करू नये.

सांध्यावर रुंद मिश्रण टाळा. स्थिर निसर्गचित्रांसाठी शंभर-दोनशे पिक्सेलांत एक चित्र विरत दुसरे उमटवले जाते. धावणाऱ्या माणसावर तोच प्रयोग केला, की त्या पट्ट्यात तो अर्धपारदर्शक भुतासारखा दिसतो. रंग जुळलेले असतील तर २० ते ३० पिक्सेलचा मिश्रणपट्टा पुरेसा होतो.

रंग जुळवण्याची सुरुवात कॅमेऱ्यातच करावी. आपला तिसरा कॅमेरा बहुधा उजळ आकाश किंवा भिंत पाहून आपणहून चित्र काळे करत असावा. तिन्ही कॅमेऱ्यांत शटर, गेन (चित्र उजळवण्याचे प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स हाताने सारखे ठरवून कुलूपबंद करा, डब्ल्यूडीआर (उजळ व गडद भाग आपोआप समतोल करण्याची सोय) बंद ठेवा. सामने प्रकाशझोतात होत असतील तर शटर १/१०० सेकंद ठेवावे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, आणि शटर याहून वेगवान ठेवले की प्रत्येक कॅमेरा त्या लुकलुकीचा वेगळा क्षण टिपतो.

प्रवाहपाल

चित्र मागे पडत जाण्याबद्दल आणि वेळेच्या जुळणीबद्दल लिहितो, कारण वरील सर्व काही अचूक केले तरी वेळ जुळली नाही तर सांध्यावर खेळाडू पुन्हा दुभंगेल.

विलंब वाढत जातो, कारण कॅमेरे सेकंदाला २५ फ्रेम पाठवतात आणि आपला प्रोग्राम त्याहून कमी फ्रेम हाताळतो. उरलेल्या फ्रेम टाकून दिल्या जात नाहीत, त्या रांगेत साचतात. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी प्रोग्राममध्ये स्वतंत्र थ्रेड (समांतर चालणारे काम) ठेवून त्याने अखंड वाचत राहावे, अलीकडच्या थोड्याच फ्रेम जपाव्यात आणि जुन्या निर्दयपणे फेकून द्याव्यात. डीकोडिंग (दाबून पाठवलेले चित्र उलगडणे) लॅपटॉपच्या ग्राफिक्स भागाकडे सोपवावे. १०८० पी चा एक प्रवाह उलगडल्यावर सेकंदाला सुमारे ७८ मेगाबाइट होतो आणि तीन मिळून २३३. हा डेटा मेमरीत इकडून तिकडे अनावश्यक कॉपी करण्यातच अनेक प्रोग्रामांचा जीव जातो.

वेळेच्या जुळणीत सर्वांत मोठी चूक म्हणजे फ्रेम लॅपटॉपवर पोहोचल्याची वेळ हीच ती टिपल्याची वेळ मानणे. प्रत्येक कॅमेऱ्याचे एन्कोडिंग (चित्र दाबणे) आणि बफर (तात्पुरता साठा) वेगवेगळे असल्याने पोहोचण्याच्या वेळांत शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा फरक सहज पडतो. कॅमेरे ज्या आरटीएसपी पद्धतीने चित्र पाठवतात, त्या प्रवाहासोबत येणाऱ्या आरटीसीपी या नियंत्रण-अहवालांत कॅमेऱ्याच्या घड्याळाची वेळ असते आणि तिच्या आधारे प्रत्येक फ्रेमची खरी वेळ काढता येते. ओपनसीव्हीच्या साध्या व्हिडिओकॅप्चरमधून ही माहिती सरळ हाती लागत नाही, म्हणून हा टप्पा जीस्ट्रीमर या व्हिडिओप्रवाह हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करावा. तेथील आरटीएसपी घटकाचा आपण न बदलल्यास बफर २००० मिलिसेकंदांचा असतो. आपल्या स्थानिक जाळ्यावर तो २०० वर आणायला हरकत नाही. अर्थात यासाठी तिन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे एक असायला हवीत. मैदानावर इंटरनेट असो वा नसो, लॅपटॉपवरच क्रोनी हा घड्याळे जुळवणारा प्रोग्राम चालवून त्याला एनटीपी सर्व्हर (जाळ्यावरील इतरांना वेळ पुरवणारा) करावे आणि कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये त्याचाच पत्ता द्यावा.

इतके केल्यावरही एक मर्यादा उरते. आपल्या प्रकारच्या कॅमेऱ्यांना बाहेरून ट्रिगर देता येत नाही. प्रत्येक जण आपापल्या तालात दर ४० मिलिसेकंदांनी फ्रेम टिपतो. त्यामुळे सर्वांत जवळची फ्रेम निवडली तरी २० मिलिसेकंदांपर्यंतचा फरक राहू शकतो. सेकंदाला ७ मीटर वेगाने धावणारा संरक्षक तेवढ्यात १४ सेंटिमीटर सरकतो, आणि मधल्या पट्टीच्या अंतरावर त्याचे सुमारे २० पिक्सेल होतात. म्हणजे भिंगे ५ सेंटिमीटरवर आणून वाचवलेले पिक्सेल येथे परत जाऊ शकतात. कॅमेरे ५० फ्रेमवर चालत असतील तर हा फरक निम्मा होतो, आणि मी तोच पर्याय घेईन, मग त्यासाठी रिझोल्यूशन थोडे सोडावे लागले तरी.

जुळणी तपासायला मोबाइलवरचे स्टॉपवॉच सामाईक भागात धरावे आणि दोन्ही कॅमेऱ्यांच्या एकाच वेळेच्या म्हणून निवडलेल्या फ्रेम शेजारी ठेवून आकडे वाचावेत. मोबाइलचा पडदाही ठरावीक तालातच बदलतो, त्यामुळे दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या आतले वाचन विश्वसनीय मानू नये. परंतु शंभरचा फरक असेल तर तो ताबडतोब कळेल.

एकच भिंग

मुळात जोडणी हवीच का, असा माझा प्रश्न आहे. ४ के दर्जाचा, १८० अंशांचा एक फिशआय कॅमेरा त्याच खांबावर लावला, तर सांधा नाही, वेळेची जुळणी नाही, रंगांचा फरक नाही. वक्रता काढण्यासाठी तोच रीमॅपचा तक्ता लागेल, पण एकच.

रिझोल्यूशन कमी पडेल, असे सांगितले जाईल, म्हणून हिशेब मांडतो. फिशआयमध्ये ३८४० पिक्सेल १८० अंशांवर पसरतात, म्हणजे अंशाला सुमारे २१ पिक्सेल. आपल्या तीन कॅमेऱ्यांचे जोडलेले दंडगोलाकार चित्र सुमारे ४५०० पिक्सेल रुंद होईल, म्हणजे अंशाला ३२ पिक्सेल. परंतु अनेक हार्डवेअर एन्कोडर (चित्र दाबणाऱ्या चिप) एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या प्रकारात ४०९६ पिक्सेलपेक्षा रुंद चित्र घेत नाहीत, म्हणून आपण ते ३८४० वर आणणार आणि हाती २७ उरणार. २१ आणि २७ यांच्यातील फरकासाठी इतका खटाटोप करावा का, हे मंडळाने ठरवावे.

मैदानसेवक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मांडणी बदलून तिन्ही कॅमेरे एका अँगलवर, तोंडे एकमेकांकडे वळवून बसवले. सांध्यावरून खेळाडू पळताना आता बारकाईने पाहिल्यासच हलका तुटकपणा जाणवतो, आणि तोही वेगात असतानाच; बसलेल्या आक्रमकांवर काहीच दिसत नाही. यावरून उरलेला दोष वेळेचा असावा असे वाटते. कॅमेऱ्यांत ५० फ्रेमची सोय ७२० पी वरच आहे.

फिशआयचा मुद्दा पटण्यासारखा आहे. तथापि कॅमेरे आधीच घेतलेले आहेत आणि पलीकडच्या बाजूच्या खेळाडूचा पाठीवरील क्रमांक वाचता येणे आम्हाला आवश्यक आहे. या परिस्थितीत ७२० पी घेऊन ५० फ्रेम कराव्यात की १०८० पी वर २५ च ठेवाव्यात? तसेच दोनच कॅमेरे वापरून एक सांधा कमी करणे योग्य ठरेल का?

भिंगवाला

क्रमांक वाचायचे असतील तर १०८० पी आणि २५ फ्रेमच ठेवा. पलीकडची बाजूरेषा आपल्यापासून २१ मीटरवर आहे. तेथे २० सेंटिमीटर उंचीचा क्रमांक ३८४० रुंदीच्या चित्रात सुमारे १५ पिक्सेल उंच येतो आणि कसाबसा वाचता येतो. फिशआयमध्ये तो ११-१२ पिक्सेलचा झाला असता, आणि कॉम्प्रेशनमुळे इतक्या लहान आकड्यांत ३ आणि ८ सारखेच दिसू लागतात. ७२० पी वर गेल्यास आपणही जवळपास तेथेच येऊन पोहोचाल. याच कारणासाठी ४५०० रुंदीचे पूर्ण चित्र लॅपटॉपवर एच.२६५ या नंतरच्या प्रकारात साठवून ठेवता आले तर पाहा. थेट प्रक्षेपणाला ३८४० चे जाऊ द्या आणि प्रशिक्षकांना नंतर मोठे द्या.

दोन कॅमेरे घेऊ नका. ४ मिलिमीटर भिंगाच्या दोन कॅमेऱ्यांत कोन पुरतो हे खरे आहे, परंतु एकच सांधा म्हणजे तो मैदानाच्या बरोबर मध्यावर येणार आणि प्रत्येक फेरीत खेळ त्यावरून जाणार. तीन कॅमेऱ्यांत सांधे मधल्या पट्टीवर मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे ५ मीटरवर येतात, आणि दोन्ही खांब, जेथे सूर मारून गडी बाद होतो, ते कडेच्या कॅमेऱ्यांत अखंड राहतात. सामाईक भाग १२ अंशांचा असल्याने सांधा त्याच्या आत थोडा इकडे-तिकडे सरकवण्याची मुभा आहे; तो मधल्या पट्टीला बसलेल्या खेळाडूच्या चौकोनावर न आणता दोन चौकोनांच्या मधल्या मोकळ्या जागेतून न्यावा.

प्रवाहपाल

२५ फ्रेमच ठेवणार असाल तर एक करून पाहता येईल. काही कॅमेऱ्यांत फ्रेम टिपण्याचा ताल वीजपुरवठा सुरू झाल्याच्या क्षणावर अवलंबून असतो आणि प्रत्येक वेळी वेगळा पडतो. सामन्याआधी स्टॉपवॉचने तपासून फरक २० मिलिसेकंदांच्या जवळ आढळला, तर पीओई स्विचवरून केवळ त्या एका कॅमेऱ्याचा पोर्ट बंद करून पुन्हा सुरू करावा आणि परत मोजावे. फरक १० च्या आत आला की तसेच राहू द्यावे. मात्र घड्याळांचे स्फटिक थोडे वेगळ्या गतीने चालत असल्याने हा ताल हळूहळू सरकतो, म्हणून मध्यंतरात पुन्हा एकदा मोजलेले बरे.